डोळ्यांत पाणी आले म्हणजे दुखणे परतले असे नव्हे



आपल्या या पत्रिकेतून आजवर बेण्याची निवड, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर शेतकी खात्याने वेळोवेळी माहिती दिलेली आहे. या खेपेचा विषय थोडा निराळा आहे. तो उसाचा नाही, ऊस लावणाऱ्या माणसाचा आहे. तो आमच्या स्वतःच्या अंगावरून गेलेला आहे, म्हणूनच चार ओळी लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

मागील गळीत हंगाम आटोपल्यावर आमच्या गटात सभासदांसाठी आरोग्य शिबिर भरले होते. रक्तदाब झाला, रक्तातली साखर झाली, डोळे तपासून झाले. शेवटी डॉक्टरांनी मनाच्या आजारावर दहा मिनिटे माहिती दिली आणि विचारले, "कुणाला काही सांगायचं आहे का?" कुणी जागचे हलेना. मग आम्हीच उठलो. आपल्याला हा आजार झाला होता, औषधोपचाराने आपण बरे झालो, हे चारचौघांत सांगावे एवढाच हेतू होता. चार वाक्ये व्यवस्थित बोललो. पाचव्या वाक्याला गळा दाटून आला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. आम्ही तसेच खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलेल्या आमच्या मंडळींना शेजारच्या बाईंनी हळूच विचारले, "वहिनी, तात्यांचं परत तसंच सुरू झालं न्हाई न्हवं?" त्या रात्री मंडळींनी आमच्या उशाशी बसून, आम्ही झोपलो की नाही हे दोनदा पाहिले. आम्ही जागेच होतो. कारण तोच प्रश्न आम्हालाही पडला होता. बरे होऊन चार वर्षे झाली, शेत पूर्ववत चालले आहे, मग नुसते सांगताना एवढे रडू का यावे? दुखणे आत कुठेतरी शिल्लक आहे की काय?

पुढे डॉक्टरांकडे जाऊन या प्रश्नाचे उत्तर आम्ही समजून घेतले. ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते.

आमचे काय झाले होते

ऑगस्ट २०१९ चा महापूर कृष्णाकाठचा कोणी विसरणार नाही. आमची तीन एकर मळीची जमीन नदीला लागून. त्यात मागल्या जुलैत लावलेला को ८६०३२ आडसाली उभा होता, तेरा महिन्यांचा. नोव्हेंबरात तोड मिळणार या हिशेबाने सोसायटीचे कर्ज, थोरल्याचे शिक्षण, घराची गिलाव्याची कामे, सगळे त्या उसावर बांधलेले. पाणी शेंड्यावरून गेले आणि आठवडाभर उतरले नाही. उतरले तेव्हा पोंगे कुजलेले, कांड्यांवर गाळाचा थर, बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटलेल्या. फडात पाय ठेवला की वास यायचा.

त्या वेळी आम्ही रडलो नाही. पंचनामा, घरातला चिखल, जनावरांचा चारा, यांत दिवस जात होते. दुखणे आले ते नंतर, दिवाळीच्या सुमारास, जेव्हा सगळे म्हणू लागले की आता सावरले. पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. जेवणाला चव नाही. मळ्याकडे पाय वळेना. तासन् तास सोप्यात भिंतीला टेकून बसायचो. आपल्यामुळेच घर बुडाले असे वाटायचे, जणू पूर आम्हीच आणला. आपण नसलो तर घरच्यांचे तरी बरे होईल, असाही विचार येऊन गेला. हे आता लिहिताना हात थांबतो, पण लिहिले पाहिजे.

आधी नारळ झाले, उतारे झाले, बाहेरचे काही आहे का म्हणून विचारून झाले. शेवटी गावच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. आजाराचे नाव कळले, नैराश्य. इंग्रजीत ज्याला डिप्रेशन म्हणतात ते.

नैराश्य कशाला म्हणावे

नुकसान झाले आणि चार दिवस मन खट्टू झाले, तर त्याला आजार म्हणत नाहीत. मन सतत उदास असणे आणि कशातच गोडी न वाटणे, ही यातली दोन मुख्य लक्षणे. त्यांच्या जोडीला झोप बिघडणे, भूक बिघडणे, अंगात त्राण नसणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा उलट जीव सारखा कासावीस होणे, आपण कुचकामी वा अपराधी आहोत असे वाटणे आणि मरणाचे विचार येणे. मुख्य दोनपैकी किमान एक धरून अशी पाच किंवा अधिक लक्षणे निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज राहिली आणि कामधाम बंद पडू लागले, म्हणजे डॉक्टर नैराश्याचे निदान करतात.

हा आजार दुर्मीळ नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत पाहणी केली. त्यांत आपले राज्य नव्हते. पण आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले लोक दर २० प्रौढांत साधारण १ असे त्या पाहणीत आढळले. हेच प्रमाण धरले तर शंभर सभासदांच्या गटसभेत पाचजण असे बसलेले असणार. त्यांतला एखादा तरी कधी बोलतो का, हा विचार ज्याने त्याने करावा.

आम्हाला गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण लगेच येत नाही. दोन ते चार आठवडे, काहींना त्याहून अधिक लागतात. आम्हाला दीड महिन्याने पहिल्यांदा भाकरीची चव लागली. बरे वाटू लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवायचे असते. आमचे वर्षभर चालले, मग डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा नुकसान झाले. त्या वेळी वाईट वाटले, पण दुखणे आले नाही.

मग आता रडू का येते

डॉक्टरांनी सांगितलेली कारणे आमच्या भाषेत देत आहोत.

पहिले कारण आठवणीच्या साठवणीचे. मेंदूत भीती, दुःख अशा भावनांची दखल घेणारा बदामाएवढा एक भाग आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. आठवणी साठविण्याच्या कामी येणारा हिप्पोकॅम्पस हा भाग त्याच्या शेजारीच आहे. ज्या प्रसंगात भावना तीव्र असते, तो प्रसंग त्या भावनेसकट पक्का बसतो. म्हणून पोत्याचा भाव आठवताना नुसता आकडा आठवतो, पण पुराचा दिवस आठवला की वाससुद्धा नाकात येतो. आठवण वर काढली की भावनाही वर येणारच.

दुसरे कारण आम्हाला अधिक पटले. दुखण्याच्या ऐन भरात आम्हाला रडूच येत नव्हते. आईच्या वर्षश्राद्धालाही डोळे कोरडे होते. बऱ्याच रोग्यांना फार रडू येते, पण काहींचे असे होते की दुःख, आनंद, माया सगळेच आटून जाते. बरे होणे म्हणजे नुसते दुःख जाणे नव्हे, भावना परत येणे. पाट पुन्हा वाहता झाला की त्यातून सगळ्याच प्रकारचे पाणी येते. तेव्हा जे रडायचे राहून गेले, ते आता येते.

तिसरे कारण आपले आपणच शोधावे लागते. शिबिरात आमचा गळा नेमका कुठे दाटला? पुराबद्दल बोललो तेव्हा नाही. गोळ्यांबद्दल बोललो तेव्हाही नाही. "त्या वर्षी रात्रीच्या पाळीला थोरला जायचा," हे वाक्य तोंडातून निघाले आणि पुढचा शब्द फुटेना. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की मोटर चालू करायला रात्री बारा-एकला जावे लागते, हे आपणांस सांगायला नको. थोरला तेव्हा अकरावीत होता. थंडीत, अंधारात, बॅटरी घेऊन पोर एकटे मळ्यात जायचे आणि आम्ही सोप्यात पडून त्याच्या चपलांचा आवाज ऐकायचो. उठावे असे वाटायचे, पण उठता येत नव्हते. म्हणजे शिबिरातले आमचे रडू दुखण्याचे नव्हतेच. ते पोरासाठी होते. त्यात लाज होती, आणि त्याने घर धरून ठेवले याचा उमाळाही होता.

आपण उसवाले आहोत, म्हणून उसाचीच गोष्ट सांगतो. ज्या महिन्यात पाण्याचा ताण बसतो, त्या महिन्यातल्या कांड्या आखूड राहतात. पुढे पाणी मिळाले की वरच्या कांड्या पुन्हा लांब पडतात, शेंडा हिरवागार होतो. पण त्या आखूड कांड्या काही लांब होत नाहीत. तोडणीच्या वेळी मोळी हातात घेतली की अनुभवी माणूस सांगतो, अमक्या महिन्यात याला पाणी कमी पडले होते. म्हणून त्या उसाला आज रोगी म्हणत नाहीत. ऊस आजारी आहे का हे पाहायचे तर शेंडा पाहावा लागतो.

जुन्या दुखऱ्या गोष्टी काढाव्यात की काढू नयेत

आपल्याकडे सरसकट सांगतात, "झालं गेलं गंगेला मिळालं, कशाला उगाळायचं?" यासंबंधी एक प्रयोग माहीत असावा. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या दोघा संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला बसविले. काहींना आयुष्यातला दुखरा प्रसंग मनातल्या भावनांसकट लिहायला सांगितला, काहींना साधेसुधे विषय दिले. हा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखरा प्रसंग लिहिणाऱ्यांची मने लिहून झाल्यावर लगेच अधिक जड झाली, रक्तदाबही वाढलेला दिसला. पण पुढच्या काही महिन्यांत, भावनांसकट लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पुढे अनेकांनी असे प्रयोग केले. गुण सर्वांना सारखा येत नाही व फार मोठाही नसतो, हेही दिसून आले. परंतु सांगताना जड वाटणे आणि सांगून नुकसान होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून घ्यावे.

मात्र सांगण्याची सक्ती नको. ज्याला सांगवत नाही त्याने न सांगणे हाही त्याचा हक्क आहे.

रडू कोणते आणि दुखणे कोणते

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना ते पुढे कधीतरी पुन्हा येऊ शकते. त्यामुळे "काही नाही, नुसती आठवण आहे" म्हणून दुर्लक्ष करणेही बरे नव्हे. फरक असा ओळखावा:

(१) आठवणीचे रडू आठवण निघाली की येते आणि काही मिनिटांत, फार तर दिवसभरात ओसरते. दुखण्याची उदासी काही कारण नसताही सकाळी उठल्यापासून असते आणि आठवडे हटत नाही.

(२) आठवणीच्या रडण्यानंतर माणूस तोंड धुतो, चहा घेतो, धारेला जातो. दुखण्यात धार काढायची राहून जाते.

(३) आठवणीच्या रडण्याने एखादी रात्र झोप चाळवेल. रोज पहाटे जाग येऊ लागली, जेवण तुटले, तर ते लक्षण समजावे.

(४) आठवणीच्या रडण्यात माणसे जवळची वाटतात. दुखण्यात माणसे नकोशी होतात, आपण सर्वांना भार आहोत असे वाटते.

(५) मरणाचा विचार मनात आला, तर दोन आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी घरच्यांना सांगावे व डॉक्टर गाठावा.

आणखी एक. गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोप न येणे, मधेच रडू कोसळणे असे त्रास होऊ शकतात. तो प्रकार वेगळा. अशा वेळी गोळी कधी बंद केली हे डॉक्टरांना खरे सांगावे.

ऐकणाऱ्याने काय करावे

आम्ही रडलो तेव्हा सभेत सर्वांनी माना खाली घातल्या. कुणाचा दोष नाही. पुरुषमाणूस रडताना पाहायची आपल्याला सवय नाही. पण "गप्प बसा आता", "तुम्हीच असं केल्यावर पोरांनी काय करायचं" असे बोलण्याने माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. त्यापेक्षा दोन मिनिटे नुसते शेजारी बसावे. मग विचारावे, "पुढं सांगायचंय, का थांबायचं?" एवढे पुरते. लगेच उपाय सुचवू नयेत. आणि जे ऐकले ते चावडीवर नेऊ नये.

सांगणाऱ्यानेही थोडी तयारी ठेवावी. पहिल्यांदाच पन्नास माणसांपुढे सांगायला उठू नये, ही आमची चूक झाली. आधी एका विश्वासाच्या माणसाला सांगावे. रात्री झोपायच्या तोंडावर विषय काढू नये. गळा दाटला तर "थांबतो जरा" म्हणावे. त्यात कमीपणा नाही. बोलवत नसेल तर वहीत लिहावे, वही कुणाला दाखवलीच पाहिजे असे नाही.

मदत कोठे मिळेल

आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे, तेथून पुढे जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाकडे पाठवितात. केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत असून दिवसरात्र केव्हाही करता येतो व मराठीतही बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा हक्क आहे आणि रोग्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. तेव्हा कळेल कुणाला या भीतीने घरी बसू नये.

शिबिरानंतर आठवड्याने आम्ही ठिबकच्या सामानासाठी गट ऑफिसला गेलो होतो. एक सभासद गाडीपाशी थांबलेले होते. ओळख जुजबी. त्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि म्हणाले, "तात्या, तुमचा तो डॉक्टर कंचा? आमच्या घरात बी तसंच चाललंय, सा म्हैनं झालं." आम्ही पत्ता लिहून दिला. नीट, न अडखळता बोललो असतो तर ते थांबले असते की नाही, कोण जाणे.

थोरल्यालाही एकदा सगळे सांगितले. पुन्हा रडू आलेच. रात्रीच्या पाळीचे आम्हाला फार लागून राहिले आहे, असे म्हणालो. पोरगे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अंधाराचं भ्या वाटायचं तात्या, खोटं कशाला बोलू. पण घरात तुमच्याकडं बघत बसण्यापेक्षा मळ्यात बरं वाटायचं." हे ऐकून वाईट वाटले आणि बरेही वाटले. पाच वर्षे आम्ही दोघे एकाच सोप्यात राहून हे बोललो नव्हतो.

आता रात्रीच्या पाळीला आम्हीच जातो. कधी कधी तोही बरोबर येतो.

— आपल्यातलाच एक सभासद